लंडन प्राणिसंग्रहालयातील पक्षिवास्तू

लंडन प्राणिसंग्रहालयातील पक्षिवास्तू म्हणजे लंडनच्या रीजंट्स पार्क येथील प्राणिसंग्रहालयात नामवंत वास्तुविशारदांनी पक्ष्यांसाठी उभारलेले पिंजरे, तलाव आणि पक्षिगृहे होत. बर्थोल्ड लुबेटकिन यांचा पेंग्विन तलाव (१९३४) आणि सेड्रिक प्राइस, लॉर्ड स्नोडन व फ्रँक न्यूबी यांनी मिळून रचलेले स्नोडन पक्षिगृह (१९६५) या त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध वास्तू आहेत. विसाव्या शतकातील ब्रिटिश वास्तुकलेचा इतिहास या दोहोंच्या उल्लेखावाचून सहसा लिहिला जात नाही. दोन्ही वास्तू कायद्याने संरक्षित आहेत आणि दोन्ही आजही उभ्या आहेत. मात्र ज्या पक्ष्यांसाठी त्या बांधल्या गेल्या, ते आता त्यांपैकी एकाही वास्तूत राहत नाहीत. त्यामुळे प्राण्यांसाठी बांधलेल्या वास्तूचे यश कोणत्या निकषावर ठरवावे, या चर्चेत त्यांचे उदाहरण वारंवार दिले जाते.

पार्श्वभूमी

लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेची स्थापना १८२६ मध्ये झाली आणि १८२८ मध्ये तिचे उद्यान सभासदांसाठी खुले झाले. सर्वसामान्य जनतेला प्रवेश मिळण्यास १८४७ साल उजाडले. उद्यानाची मूळ आखणी व पहिल्या इमारती डेसिमस बर्टन या वास्तुविशारदाच्या आहेत. पुढे लंडनमधील अनेक मान्यवर वास्तू रचणारा बर्टन त्या वेळी ऐन पंचविशीत होता. त्याने रचलेला लोखंडी पक्षिपिंजरा १८२९ चा असून तो 'डोमकावळ्यांचा पिंजरा' या नावाने ओळखला जातो. आता त्यात पक्षी ठेवले जात नाहीत. एकोणिसाव्या शतकातील पिंजऱ्याचा नमुना म्हणून तो जतन करण्यात आला आहे. हा पिंजरा बागेतील शोभेच्या मंडपासारखा दिसतो. पक्ष्याने त्यात बसावे आणि पाहणाऱ्याने भोवती फिरावे, एवढीच त्यामागची कल्पना होती. उडण्यासाठी जागा ठेवावी, हा विचार त्या काळी फारसा कोणाला शिवलेला नव्हता.

याच बर्टनचे जिराफगृह (१८३६–३७) मात्र वेगळ्या कारणासाठी लक्षात घेण्याजोगे आहे. जिराफाची उंची लक्षात घेऊन ठेवलेली उंच दारे हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य असून जवळजवळ दोन शतके उलटल्यावरही तेथे जिराफच राहतात. एखाद्या गोदामासारख्या साध्यासुध्या या इमारतीची छायाचित्रे वास्तुकलेच्या ग्रंथांत क्वचितच आढळतात.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्राणिसंग्रहालयांच्या रचनेत मोठा बदल झाला. जर्मन प्राणिव्यापारी कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळील श्टेलिंगेन येथे गजांऐवजी खंदकांचा वापर करून खुले प्राणिसंग्रहालय सुरू केले. कृत्रिम खडक, टेकड्या व पाणी यांच्या साहाय्याने तेथे प्राण्यांच्या मूळ प्रदेशाचा देखावा उभा केला होता. लंडनमध्ये या विचाराचे पडसाद मॅपिन टेरेसेस या काँक्रीटच्या कृत्रिम डोंगरांत उमटले. त्यांचे काम १९१४ मध्ये पूर्ण झाले. निसर्गाची नक्कल करणारी ही पद्धत पुढील दोन दशके प्रतिष्ठित राहिली. पेंग्विन तलावाने नेमकी तिचीच वाट सोडली.

पेंग्विन तलाव

वास्तुविशारद

बर्थोल्ड लुबेटकिन यांचा जन्म १९०१ मध्ये तिफ्लिस (आजचे तिबिलिसी, जॉर्जिया) येथे झाला. रशियन राज्यक्रांतीनंतरच्या काळात मॉस्कोत आणि पुढे बर्लिन व पॅरिस येथे शिक्षण घेऊन ते १९३१ मध्ये लंडनला आले. तेथील सहा तरुण वास्तुविशारदांना सोबत घेऊन त्यांनी १९३२ मध्ये 'टेक्टॉन' ही संस्था स्थापन केली. नव्या पद्धतीच्या इमारतींना त्या काळच्या इंग्लंडमध्ये ग्राहक मिळणे अवघड होते. घरमालक बिचकत आणि नगरपालिका परवानगी देताना हात आखडता घेत. टेक्टॉनला पहिले महत्त्वाचे काम दिले ते प्राणिसंग्रहालयाने, आणि ते होते गोरिलागृहाचे. प्राणिसंग्रहालयाचे तत्कालीन सचिव पीटर चामर्स मिचेल नव्या कल्पनांना अनुकूल होते. तेथे संशोधन करणारे शरीरशास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांचाही टेक्टॉनला पाठिंबा होता. गोरिलागृहापाठोपाठ पेंग्विन तलावाचे काम आले आणि १९३४ मध्ये तलाव खुला झाला.

रचना

तलावाचा आराखडा लंबवर्तुळाकार आहे. भोवती पांढऱ्या काँक्रीटची कमी उंचीची भिंत आहे. पेंग्विनांना उडता येत नसल्याने छप्पर, गज किंवा जाळी यांची गरज नव्हती, आणि लुबेटकिन यांनी या गोष्टीचा पुरेपूर फायदा घेतला. भिंतीत जागोजागी ठेवलेल्या मोकळ्या जागांतून प्रेक्षक आत डोकावू शकतात. पोहणारे पक्षी पाण्याखाली दिसावेत म्हणून काचेची बाजू असलेले टाकेही ठेवले आहे. पक्ष्यांच्या घरट्यांचे कप्पे कडेच्या भिंतीलगत आहेत.

तलावाच्या मधोमध एकमेकांभोवती वळत जाणारे दोन रॅम्प हा या वास्तूचा प्राण होय. ते दोन्ही बाजूंनी निघून एकमेकांच्या वरखालून जातात व वळत वळत पाण्यापर्यंत उतरतात. त्यांच्या खाली एकही खांब नाही. अशा आकृतीला आज कोणीही सहज 'डीएनएसारखी' म्हणेल. पण डीएनएची दुहेरी सर्पिल रचना जगापुढे येण्यास १९३४ साली अजून एकोणीस वर्षे अवकाश होता.

या रॅम्पांचे गणित सोपे नव्हते. काँक्रीट दाब चांगला सोसते, पण ताण सोसत नाही. म्हणून त्यात पोलादी सळया घालून ताण त्यांच्यावर सोपवावा लागतो. सरळ तुळईत हा ताण कोठे येतो ते ठरलेले असते. येथे मात्र पट्टी एकाच वेळी उतरतेही आणि वळतेही, त्यामुळे वाकण्याबरोबर पिळवटण्याचा जोरही तिच्यावर येतो. तरीही पट्टी जाड व बोजड दिसू नये, असा वास्तुविशारदांचा आग्रह होता. हे काम ओव्ह अरूप या डॅनिश वंशाच्या अभियंत्याने हाती घेतले. ते तेव्हा जे. एल. किअर या बांधकाम कंपनीत होते. गणिती बाजू फेलिक्स सॅम्युएली यांनी सांभाळली. संगणकाच्या पूर्वीच्या काळात ही सर्व आकडेमोड हातानेच झाली. अरूप यांनी पुढे स्वतःची संस्था काढली आणि सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या कवचांचे अभियांत्रिकी काम केले. कवचासारख्या पातळ काँक्रीटचा त्यांचा हात बसला तो अशाच कामांतून, आणि पेंग्विन तलाव हे त्यांतील आरंभीचे काम होय.

संकल्पना

लुबेटकिन यांनी दक्षिण गोलार्धातील किनाऱ्याचा देखावा उभा करण्याचा प्रयत्नच केला नाही. प्राणिसंग्रहालय शहरात आहे, तेथील पक्षी माणसाने आणून ठेवले आहेत आणि ते पाहायला माणसे येतात. मग वास्तूने हे लपवू नये, असा त्यांचा दृष्टिकोन होता. त्यामुळे तलाव एखाद्या रंगमंचासारखा झाला. रॅम्पवरून डुलत उतरणारा पेंग्विन हे त्या मंचावरील पात्र. काळी-पांढरी पिसे, पांढरी शुभ्र भिंत आणि निळे पाणी यांचा मेळ छायाचित्रकारांना फारच भावला.

तरी पक्ष्यांचा विचार झालाच नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एकाच प्रकारच्या जमिनीवर उभे राहून पक्षी कंटाळू नयेत, म्हणून चालण्याच्या पृष्ठभागांत विविधता ठेवली होती. त्या जागेवरील वृक्ष सावलीसाठी राखण्यात आला. स्वच्छता हा त्या काळच्या प्राणिसंग्रहालयांपुढील ज्वलंत प्रश्न होता, आणि धुऊन काढता येणारे गुळगुळीत काँक्रीट हे त्यावरील शास्त्रीय उत्तर मानले जाई. माणसांच्या घरांबाबतही त्या पिढीचे मत असेच होते. टेक्टॉनने १९३८ मध्ये लंडनच्या फिन्सबरी या गरीब वस्तीत आरोग्यकेंद्र बांधले, तेव्हा प्रकाश, हवा व स्वच्छ पृष्ठभाग याच गोष्टींवर भर दिला होता. पेंग्विन तलाव हा म्हणूनच नव्या वास्तुकलेचा चालताबोलता जाहीरनामा ठरला. लास्लो मोहोली-नॉज या कलावंताने १९३६ मध्ये प्राणिसंग्रहालयातील टेक्टॉनच्या वास्तूंवर चित्रपट तयार केला. टेक्टॉनला पुढे डडली येथील संपूर्ण प्राणिसंग्रहालयाचे काम मिळाले व ते १९३७ मध्ये खुले झाले.

या प्रसिद्धीच्या काळातील आणखी एक प्रसंग वाचकांच्या परिचयाचा आहे. १९३५ मध्ये पेंग्विन बुक्स ही स्वस्त पुस्तकांची माला सुरू झाली, तेव्हा तिच्या बोधचिन्हासाठी एडवर्ड यंग या तरुण कर्मचाऱ्याला पेंग्विनांची रेखाटने करण्यास याच प्राणिसंग्रहालयात पाठवण्यात आले होते.

पक्ष्यांवरील परिणाम

इमारतीची कीर्ती वाढत असताना तिच्या रहिवाशांच्या गरजांविषयीचे ज्ञानही वाढत गेले, आणि दोहोंत अंतर पडू लागले. पेंग्विन हा मुख्यतः पाण्यातला पक्षी आहे. खोल पाण्यात बुडी मारून मासे पकडणे हा त्याचा दिनक्रम असतो. तलावातील पाणी मात्र उथळ होते. त्यामुळे पक्षी पोहण्यापेक्षा उभे राहण्यात व चालण्यात अधिक वेळ घालवत. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील हम्बोल्ट पेंग्विनांसारख्या जाती पक्ष्यांच्या विष्ठेच्या साचलेल्या थरांत किंवा मातीत बिळे उकरून अंडी घालतात. काँक्रीट उकरता येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

१९८७–८८ मध्ये तलावाची मोठी दुरुस्ती झाली. अवांती आर्किटेक्ट्स या संस्थेने हे काम केले आणि त्या वेळी हयात असलेल्या लुबेटकिन यांचा सल्लाही घेतला. वास्तुजतनाच्या दृष्टीने ही दुरुस्ती नावाजली गेली. परंतु काँक्रीटच्या खरखरीत पृष्ठभागावर चालून पेंग्विनांच्या तळव्यांना बारीक ओरखडे पडत व त्यांतून संसर्ग होई. 'बंबलफूट' नावाचा हा विकार कोंबड्या पाळणाऱ्यांनाही ठाऊक असतो. तळवा सुजतो, त्यावर कठीण खपली धरते आणि उपचार न झाल्यास संसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो. जो पक्षी दिवसाचा बराचसा वेळ कठीण जमिनीवर उभा असतो त्याला हा विकार सहज जडतो. पाण्यात पोहताना तळव्यांवर भार येत नाही. पण ती विश्रांती उथळ तलावात पुरेशी मिळत नव्हती.

२००४ मध्ये पुन्हा दुरुस्तीचे काम निघाले, तेव्हा पेंग्विनांना तात्पुरते उद्यानातील बदकांच्या तळ्यावर हलवण्यात आले. हे तळे कोणा प्रसिद्ध वास्तुविशारदाने रचलेले नव्हते. पक्षी तेथे इतके रमले, की त्यांना परत न आणण्याचा निर्णय झाला. २०११ मध्ये त्यांच्यासाठी 'पेंग्विन बीच' हे नवे स्थान खुले करण्यात आले. त्यात दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यासारखी वाळू व गोटे, घरट्यांच्या जागा आणि सुमारे ४,५०,००० लिटर पाण्याचा खोल तलाव आहे. लुबेटकिन यांनी नाकारलेली निसर्गाची नक्कल अशा रीतीने परत आली. या वेळी तिचा हेतू मात्र केवळ देखावा नव्हता. वाळू पायाला मऊ लागते आणि खोल पाण्यात बुडी मारता येते, ही त्यामागची कारणे होती.

स्नोडन पक्षिगृह

दुसऱ्या महायुद्धानंतर प्राणिसंग्रहालयाची अनेक बांधकामे जुनी झाली होती. झुकरमन १९५५ मध्ये संस्थेचे सचिव झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत वास्तुविशारद ह्यू कॅसन यांनी संपूर्ण उद्यानाचा नवा आराखडा तयार केला. त्यात रीजंट्स कालव्याच्या उत्तर काठावरील उतारावर मोठ्या पक्षिगृहाची योजना होती. हे काम अँटनी आर्मस्ट्राँग-जोन्स यांच्याकडे सोपवण्यात आले. ते व्यवसायाने छायाचित्रकार होते. १९६० मध्ये राजकन्या मार्गारेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे त्यांना लॉर्ड स्नोडन ही पदवी मिळाली. त्यांनी तरुण वास्तुविशारद सेड्रिक प्राइस आणि संरचना अभियंता फ्रँक न्यूबी यांना सोबत घेतले. न्यूबी हे फेलिक्स सॅम्युएली यांच्या संस्थेचे प्रमुख होते. पेंग्विन तलावाची आकडेमोड करणाऱ्या सॅम्युएली यांचे निधन १९५९ मध्ये झाले होते. अशा प्रकारे दोन्ही वास्तूंमागचे गणित एकाच घराण्यातले आहे.

पेंग्विन तलावात काँक्रीट आहे, तर पक्षिगृहात जवळजवळ सगळा खेळ ताणाचा आहे. दोन्ही टोकांना धातूच्या नळ्यांचे मोठे चतुष्फलक उभे केले असून त्यांच्या दरम्यान पोलादी तारदोर ताणले आहेत. या दोरांवर अॅल्युमिनियमची जाळी पसरली होती. तंबूत जसे थोडे खांब आणि पुष्कळ दोर असतात, तसेच येथे दाब सोसणारे भाग मोजके आणि ताण सोसणारे अनेक आहेत. परिणामी सुमारे २४ मीटर उंचीची ही वास्तू डोळ्यांना हलकी भासते, आणि आतील पक्ष्याच्या वाटेत खांब व तुळया फारशा येत नाहीत. अॅल्युमिनियमचा व ताणरचनेचा या प्रमाणावर वापर ब्रिटनमध्ये तेव्हा नवा होता. पक्षिगृह १९६५ मध्ये खुले झाले.

प्रेक्षकांना पिंजऱ्यात नेणे हे या पक्षिगृहाचे दुसरे नावीन्य होय. आतून जाणाऱ्या पुलावरून लोक चालत आणि पक्षी त्यांच्या खालून, वरून व बाजूने उडत. बर्टनच्या पिंजऱ्यात माणूस बाहेर मोकळा आणि पक्षी आत जखडलेला होता. येथे माणसाला ठरावीक वाटेवरूनच जावे लागे, तर पक्ष्याला मनास येईल तेथे बसता येई. कोणाची नजर नकोशी झाली तर उंच जाऊन दूर राहता येई. कड्यासारख्या टप्प्यांवर घरट्यांसाठी जागा होत्या, उतारावर झाडी होती आणि पाणीही होते. आयबिस, बगळे यांसारखे वसाहतीने राहणारे मोठे पक्षी येथे ठेवले जात.

प्राइस यांची एक कल्पना त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितली म्हणून आज ठाऊक आहे. जाळी ही त्यांच्या मते तात्पुरती गोष्ट होती. पक्ष्यांची वसाहत एकदा तेथे रुजली, पिलांच्या पिढ्या तेथेच वाढल्या, की जाळी काढून टाकता येईल. पक्षी तरीही ती जागा सोडणार नाहीत, असे त्यांना वाटे. मग उरले असते ते नुसते बसण्याचे, घरट्यांचे व निवाऱ्याचे स्थान, म्हणजे पिंजऱ्याऐवजी खरोखरीचे पक्ष्यांचे घर. जाळी कधीच काढली गेली नाही. प्राइस यांच्या एकूण विचारसरणीशी ही कल्पना सुसंगत होती. इमारत गरजेपुरती असावी, गरज संपली की ती मोडावी, असे ते मानत. 'फन पॅलेस' हा त्यांचा न बांधला गेलेला प्रकल्प याच विचाराचा होता आणि त्यातही न्यूबी त्यांच्यासोबत होते. लंडनमधील स्वतःच्या 'इंटर-अॅक्शन सेंटर' या इमारतीला संरक्षित दर्जा मिळू नये, अशी भूमिका त्यांनी घेतली व ती इमारत पुढे पाडली गेली. पक्षिगृहाच्या वाट्याला मात्र त्यांच्या हयातीतच, १९९८ मध्ये, संरक्षित दर्जा आला. प्राइस यांचे निधन २००३ मध्ये झाले.

अर्ध्या शतकानंतर जाळी व जोड झिजले होते. नूतनीकरणाचे काम फॉस्टर अँड पार्टनर्स या संस्थेकडे देण्यात आले. जुनी जाळी काढून नवी बसवण्यात आली आणि २०२२ मध्ये ही वास्तू 'मंकी व्हॅली' या नावाने पुन्हा खुली झाली. आता तेथे काळे-पांढरे कोलोबस माकड राहतात. कोलोबसांचा अंगठा जवळजवळ नसल्यासारखाच असतो आणि झाडावरून झाडावर लांब उड्या घेणे हा त्यांचा स्वभाव. त्यामुळे पक्ष्यांसाठी ठेवलेली उंची व मोकळी जागा त्यांना मानवते, असे दिसते. जतनाच्या दृष्टीने हा मार्ग समंजसपणाचा म्हणता येईल. वास्तूचे रूप तसेच राहिले आणि ती ओसाडही पडली नाही.

संरक्षित दर्जा व त्यातील पेच

इंग्लंडमध्ये ऐतिहासिक वा कलात्मक महत्त्वाच्या इमारतींची अधिकृत यादी ठेवली जाते. यादीत तीन श्रेणी आहेत : पहिली, दुसरी तारांकित आणि दुसरी. पहिल्या श्रेणीत मोठी कॅथीड्रल, राजवाडे व तत्सम असामान्य वास्तू येतात. पेंग्विन तलावाला १९७० मध्ये पहिली श्रेणी मिळाली. बांधून अवघी छत्तीस वर्षे झालेल्या वास्तूला हा मान मिळणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. स्नोडन पक्षिगृह दुसऱ्या तारांकित श्रेणीत आहे, तर बर्टनचा पिंजरा दुसऱ्या श्रेणीत.

यादीत नाव आल्यावर विशेष परवानगीशिवाय इमारतीच्या स्वरूपात बदल करता येत नाही. सामान्य घराच्या किंवा चर्चच्या बाबतीत हे बंधन मालकाला जाचक वाटले, तरी निभावून नेता येते. प्राणिसंग्रहालयात मात्र त्याचा अर्थ निराळा होतो. पेंग्विन तलाव खोल करायचा, रॅम्पवर मऊ थर टाकायचा किंवा भिंत फोडून माती भरायची, तर ज्या रूपासाठी त्याला संरक्षण मिळाले तेच रूप बिघडते. तसे न करावे तर पक्षी तेथे ठेवता येत नाहीत. कायदा भिंतीचे रक्षण करतो. तळव्यांचा विचार त्याच्या कक्षेत येत नाही. परिणामी पहिल्या श्रेणीची वास्तू संस्थेला सांभाळावी लागते, तिच्या डागडुजीवर खर्चही करावा लागतो, आणि तिचा मूळ उपयोग मात्र होत नाही. उद्यानाची एकूण जागा मर्यादित असल्याने ही अडचण अधिकच जाणवते.

लुबेटकिन यांच्या कन्येने २०१९ मध्ये जाहीरपणे असे मत मांडले, की पेंग्विनांविना तलावाला अर्थ उरलेला नाही आणि तो उडवून दिलेला बरा. वास्तुकलेच्या अभ्यासकांत यावर मोठी चर्चा झाली. तलाव हे काँक्रीटच्या इतिहासातील अव्वल दर्जाचे शिल्प आहे, ते रिकामे असले तरी टिकले पाहिजे, अशी एक बाजू. वास्तूचा उपयोग हाच तिचा आत्मा असे शिकवणाऱ्या संप्रदायाची इमारत निरुपयोगी होऊन केवळ शोभेसाठी उरावी हा तिचाच पराभव आहे, अशी दुसरी. स्वतः लुबेटकिन यांनी १९३९ च्या सुमारास ग्लॉस्टरशरमधील शेतावर बस्तान हलवले आणि बराच काळ तेथे डुकरे पाळली. १९८२ मध्ये त्यांना वास्तुकलेतील रॉयल सुवर्णपदक मिळाले व १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. पेंग्विन तलाव सोडून गेल्याचे पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

या संदर्भात उद्यानातील ब्लॅकबर्न पॅव्हिलियनचा उल्लेख करावा लागतो. ही इमारत १८८३ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बांधण्यात आली. १९२७ मध्ये तिचे पक्षिगृहात रूपांतर झाले आणि २००८ मध्ये नूतनीकरण होऊन ती उष्ण कटिबंधातील पक्ष्यांसाठी सज्ज करण्यात आली. पक्ष्यांसाठी मुद्दाम रचलेल्या दोन नामवंत वास्तू पक्ष्यांविना राहिल्या आणि सापांसाठी बांधलेले घर मात्र पक्ष्यांना लाभले.

म्युनिकमधील समांतर उदाहरण

प्रसिद्ध वास्तुविशारदाने बांधलेले पक्षिगृह पक्ष्यांना मानवतच नाही, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. जर्मनीतील म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयात फ्राय ओटो यांनी वास्तुविशारद यर्ग ग्रिब्ल यांच्या सहकार्याने रचलेले मोठे पक्षिगृह १९८० मध्ये खुले झाले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या तंबूसारख्या छतांमुळे ओटो जगभर ओळखले जात होते; पुढे २०१५ मध्ये त्यांना प्रित्झकर पुरस्कार जाहीर झाला. त्यांनी गंजरोधक पोलादाची जाळी डोलकाठ्यांवरून सुमारे ५,००० चौरस मीटर जागेवर सोडली आहे. जाळी इतकी बारीक आहे, की काही अंतरावरून ती धुक्यासारखी भासते आणि खालची झाडे व ओढा हेच डोळ्यांत भरतात. स्नोडन पक्षिगृहाप्रमाणे येथेही ताणाचेच तत्त्व आहे आणि प्रेक्षक आतूनच चालतात. फरक असा, की स्नोडन पक्षिगृह दूरवरून आपल्या आकाराने ओळखू येते, तर ओटो यांची वास्तू शक्य तितकी दिसेनाशी होते.

मुंबईतील हम्बोल्ट पेंग्विन

लंडनच्या पेंग्विन बीचवर असलेल्या हम्बोल्ट जातीचेच पेंग्विन मुंबईत भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे राणीच्या बागेत, आहेत. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सेऊल येथून आठ पेंग्विन तेथे आणण्यात आले व मार्च २०१७ मध्ये त्यांचा कक्ष प्रेक्षकांसाठी खुला झाला. लंडनमध्ये हे पक्षी वर्षभर उघड्यावर राहतात. मुंबईच्या हवेत ते शक्य नसल्याने येथे काचेआड वातानुकूलित कक्ष बांधून तापमान साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस ठेवावे लागते. पेंग्विन म्हणजे बर्फातला पक्षी अशी सर्वसाधारण समजूत असते. पण पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यावरील हम्बोल्ट पेंग्विन बर्फात राहत नाही. त्याला हवा असतो तो थंड सागरी प्रवाहाचा शेजार. त्यामुळे मुंबईतील कक्षात वास्तुविशारदाच्या कौशल्यापेक्षा शीतकरण आणि पाणी शुद्ध ठेवणारी यंत्रणा यांना अधिक महत्त्व आहे. त्याच बागेत २०२० मध्ये प्रेक्षकांना आत चालत जाता येईल असे मुक्त पक्षिविहारही सुरू झाले. ही कल्पना ब्रिटनमध्ये स्नोडन पक्षिगृहाने रूढ केली होती.

सद्यस्थिती

स्नोडन पक्षिगृहात कोलोबस माकडांचे वास्तव्य आहे. पेंग्विन तलाव पक्ष्यांविना असून प्राणिसंग्रहालयात येणाऱ्यांना तो बाहेरून पाहता येतो. वास्तुकलेचे विद्यार्थी त्याची रेखाटने करण्यासाठी आवर्जून येतात. पेंग्विन थोड्या अंतरावर आपल्या वाळूच्या किनाऱ्यावर असतात.